रिंगची निमताना मोजणी

चिक्कडपल्ली, हैदराबाद
६ नोव्हेंबर, गुरुवार

नात्याने थोरले, वयाने सात वर्षांनी मोठे आणि हट्टाने निदान सत्तर वर्षांनी मोठे असे जे आमचे केशवराव दाजी, त्यांना मुकुंदाचा वाकून नमस्कार. (‘वाकून’ हा शब्द सवयीने पडला. डावा गुडघा दिवाळीपासून वाकत नाही, तेव्हा नमस्कार उभ्यानेच मान्य करून घ्यावा.)

इकडे आम्ही सर्व ठीक. तुमची साखर, शोभाताईची कंबर आणि अंगणातला लिंबू या तिघांची प्रकृती कळवावी. शोभाताईचे अनारसे पोचले. डब्यावर तुम्ही चिकटवलेली ‘नग ४०’ ही चिठ्ठीही पोचली. आम्ही अनारसे मोजले नाहीत. आमची अर्धांगी चारुलता म्हणाली, ज्या माणसाने चौतीस वर्षं नांदेड जिल्ह्याची शेतं मोजली त्याचे अनारसे आपण काय मोजायचे! आता ते मोजण्याच्या अवस्थेत राहिलेले नाहीत, हे निराळं.

फोन असताना पत्र का, असं तुमच्या मनात आलं असेल. फोनवर तुम्ही ‘हं’ म्हणता, म्हणून. गेल्या सव्वीस वर्षांत मी तुमच्या ‘हं’चे तीन प्रकार ओळखले आहेत: ‘ऐकलं’, ‘ऐकलं पण पटलं नाही’, आणि ‘शोभा, फोन घे’. माझं म्हणणं थोडं लांब आहे आणि तिसऱ्या ‘हं’पर्यंत ते संपणार नाही. कागदाला ‘हं’ म्हणता येत नाही. शिवाय आबिड्सच्या मोठ्या पोस्टात स्पीड पोस्टाच्या रांगेत उभं राहून मला बरेच दिवस झाले होते. खिडकीपलीकडच्या बाई पाकिटावरचं मराठी पाहून ‘ये क्या लिखे?’ असं विचारतात आणि मग पिनकोडावर विश्वास ठेवतात, तो सोहळा मला आवडतो.

तर मुद्दा केतकीचा. तुम्हाला ठाऊकच आहे (म्हणजे शोभाताईने सांगितलं असेल आणि तुम्ही दुसऱ्या प्रकारचं ‘हं’ म्हणाला असाल), की तुमच्या कन्येला या महिन्याच्या तीस तारखेला एम.पी.एड.चा प्रबंध द्यायचा आहे. तो दिला नाही तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर ठरल्याप्रमाणे तिने गाशा गुंडाळून नांदेडला यायचं आणि तुमच्याच खात्यातल्या भूकरमापकाच्या परीक्षेला बसायचं. तुम्हा बापलेकीत झालेला हा करार मला तिने सांगितलेला नाही. तिने तो आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. खाली दोघांच्या सह्या आहेत, आणि साक्षीदार म्हणून शोभाताईचीही. (आमच्या बहिणीला तुम्ही स्वयंपाकघरातून सहीसाठी बाहेर बोलावलंत, हे कणकेच्या बोटाच्या ठशावरून अनुमानाने सिद्ध होतं.) रोज सकाळी सदरा काढताना मी तो करार वाचतो.

प्रबंधाचा विषय आहे बास्केटबॉल खेळणाऱ्याचा नेम भरवशाने कसा मोजावा. हा विषय तिला कुठून सुचला, हे तुम्हाला बहुधा माहीत नसेल. तो तुमच्यामुळे सुचला. दोन वर्षांपूर्वी ती इथे यायला निघाली तेव्हा बॅग उचलता उचलता तुम्ही म्हणालात, ‘खेळात मोजण्यासारखं काय असतं? बॉल आत गेला की गेला.’ त्या एका वाक्यावर तुमच्या लेकीने एकशे चाळीस पानं लिहिली आहेत. इतकं मोठं भाष्य आमच्या शास्त्रांतल्याही फार थोड्या वाक्यांच्या वाट्याला आलं आहे.

तिचं म्हणणं असं. समजा दोन मुलींनी वीस वीस बॉल टाकले आणि दोघींचे अकरा अकरा आत गेले. तुमच्या लेखी दोघी सारख्या. पण पहिलीचे हुकलेले नऊ बॉल रिंगला घासून, जणू क्षमा मागून बाहेर पडले, आणि दुसरीच्या नवांतले तीन मैदानाकडेला लावलेल्या स्कूटरींवर आदळले. (त्यांतली एक माझी.) या दोघी सारख्या कशा? म्हणून तिने प्रत्येक बॉलला शून्य ते पाच गुण ठेवले. रिंगला न शिवता जाळीत उतरला तर पाच. रिंगला लागून आत गेला तर चार, बोर्डाला लागून आत तर तीन. रिंगला लागून बाहेर पडला तर दोन, नुसताच बोर्डाला भेटून आला तर एक, आणि कशालाच लागला नाही तर शून्य. स्कूटर हिशेबात धरत नाहीत.

हे झालं कोष्टक. पण तिच्या गाईड मॅडम कडक. त्या म्हणाल्या, कोष्टक कोणीही करील, त्याच्यावर भरवसा का ठेवायचा ते दाखव. त्यासाठी दोन परीक्षा. दोन मोजणाऱ्यांनी एकमेकांच्या कागदात न डोकावता त्याच बॉलला तोच आकडा दिला पाहिजे, ही पहिली. आणि आठवड्याने त्याच मुलींनी पुन्हा बॉल टाकले तर आकडे साधारण तेच आले पाहिजेत, ही दुसरी.

हे ऐकताच मी जेवता जेवता म्हणालो, ‘अगं, ही तर दाजींची निमताना मोजणी!’ चारुलतेला हा शब्द ठाऊक नव्हता, म्हणून मी तिला फोड करून सांगितली: पहिल्या मोजणीवर कोणी हरकत घेतली, रीतसर अर्ज केला, की तीच जमीन पुन्हा मोजायला जो वरचा माणूस जातो तो निमतानदार, आणि आमचे दाजी त्या पदावरून निवृत्त झाले. तुम्ही अर्जाशिवाय टेप उलगडत नाही हेही सांगितलं. आमच्या वडिलांनी, म्हणजे तुमच्या प्रत्यक्ष सासऱ्यांनी, परसाची हद्द बघा म्हटलं तेव्हा तुम्ही त्यांना अर्जाचा नमुना लिहून दिला होतात. (आणि बोहल्यावर, मंगलाष्टकं चालू असताना, अंतरपाट चार बोटं अपुरा असल्याचं तुम्ही भटजींच्या नजरेला आणून दिलं होतं, हेही सांगितलं. गोष्ट निघाली की निघाली.) चारुलता खूप हसली. केतकी हसली नाही. तिने भात कालवला आणि म्हणाली, ‘मामा, दुसरा मोजणारा मला अजून मिळालेला नाही.’

पहिला मिळाला होता. सौरभ नावाचे तिच्या कॉलेजातले क्रीडाशिक्षक. तिशीतला गृहस्थ, तीन पिढ्या हैदराबादेत, घरी मराठी. पण त्या मराठीला चारी दिशांनी दारं आहेत आणि सगळी उघडी. दुसऱ्याबद्दल मॅडमची अट अशी होती, की त्याला खेळातलं काही कळत नसावं. म्हणजे कोष्टक कोणालाही वापरता येतं हे सिद्ध होतं. दाजी, एकावन्न वर्षांच्या आयुष्यात एखाद्या पदासाठी माझी पात्रता इतकी निर्विवाद कधीच नव्हती. मी तिथल्या तिथे होकार दिला.

अठरा ऑक्टोबरच्या शनिवारी पहिली मोजणी झाली. बारा मुली, प्रत्येकीचे वीस बॉल, एकूण दोनशे चाळीस. आता माझी मनःस्थिती लक्षात घ्या. मी संस्कृत शिकवतो. माझ्या वर्गात पटावर सात विद्यार्थी आहेत. त्यांतले दोन येतात आणि त्यांतला एक वर्ग चुकून येतो. अशा माणसासमोर बारा मुली एका रांगेत, नाव पुकारताच ‘येस सार’ म्हणून उभ्या राहिल्या, तर त्याला भरून येणारच. राणी नावाची त्यांची कॅप्टन आहे, उंच, तेलुगू, वाघासारखी. तिने पहिला बॉल टाकला. तो रिंगवर बसला, तीन प्रदक्षिणा घातल्या, आत डोकावला आणि बाहेर पडला. कोष्टकाप्रमाणे दोन. पण इतकी तयारी, इतका जवळ येऊन गेलेला तो बॉल, आणि त्या मुलीचा तो चेहरा! मी साडेचार दिले. समासात लिहिलं, ‘प्रयत्न स्तुत्य’.

एकदा हात सैल झाला की काय होतं ते तेवीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला सांगायला नको. एकीची शैली चांगली होती, तिला अर्धा गुण शैलीचा. एकीचे आधीचे पाच बॉल वाया गेले होते, तिला सहाव्याला उत्तेजनार्थ तीन. उलट एका मुलीने डोळे मिटून टाकलेला बॉल सरळ जाळीत उतरला, कुठेही न लागता. त्याला मी शून्य दिलं. बॉल आत गेला हे मान्य, पण ते तिने केलं असं म्हणता येईल का? ती मुलगी माझ्या कागदाकडे बघून ‘अय्यो सार, लोपलिकि वेळ्ळिंदि सार!’ असं ओरडली. (आत गेला होता, असं तिचं म्हणणं.) मी तिला कर्ता आणि क्रिया यांचा संबंध हिंदीत समजावला. मागे रांग खोळंबली. शेवटी सौरभ आपल्या खुर्चीवरून म्हणाले, ‘काका, क्या तो बी द्या, पण आगे चला. धूप चढतेय.’

संध्याकाळी केतकीने दोन्ही कागद लॅपटॉपात घातले. त्यात एकमताचा एक आकडा निघतो. दोघांचं प्रत्येक बॉलवर एकमत असेल तर एक, आणि दोघं दोन निरनिराळी मैदानं बघून आले असतील तर शून्य. मॅडमना निदान ०.८ हवा. आमचा ०.३१ आला. दोनशे चाळिसांपैकी शंभराच्या आसपास बॉलांवर आमचं जमलं होतं, आणि त्यांतले बरेच स्कूटरींवर पडलेले.

केतकी चिडली नाही. (चिडली असती तर बरं, पण तिनेही तुमच्याकडून एक ‘हं’ घेतलेलं आहे.) तिने माझा कागद हातात धरला, समास वाचला आणि म्हणाली, ‘मामा, साडेचार हा आकडा कोष्टकात नाही.’

मी म्हणालो, ‘अगं, पण तीन प्रदक्षिणा...’

‘ते पेपर नाहीयेत, मामा. त्यांना पास व्हायचं नाहीये. कुठे लागला आणि कुठे गेला, एवढंच.’

तेवीस वर्षांत मला इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याला पोस्टाच्या पेटीसारखी एक चीर पाडली आणि तो माझ्या खुर्चीपुढे उभा करायचं ठरवलं. चिरेतून फक्त रिंग, जाळी आणि बोर्ड दिसतो. मुलगी दिसत नाही, तिचा चेहरा दिसत नाही, पायांतले फाटके बूट दिसत नाहीत. टांग्याच्या घोड्याला लावतात तीच सोय. पंचवीस ऑक्टोबरला मी त्या चिरेला डोळा लावून दोनशे चाळीस बॉल पाहिले, आणि काय सांगू दाजी, मला मोक्ष काय असतो ते थोडंसं कळलं! कोणी कर्ता नाही, कोणाचा प्रयत्न नाही, आकाशातून एक बॉल येतो, लागतो किंवा लागत नाही, आपण आकडा लिहायचा. आकडा आला ०.८८. सौरभनी मला खांद्याला धरून हलवलं, ‘काका, हौ! आता तुम्ही मशीन झालात!’ इतकी मोठी पदवी मला विद्यापीठाने दिलेली नाही. आम्ही दोघं मैदानावर नाचलो. गुडघा त्या वेळेपर्यंत वाकत होता; नंतरचं तुम्ही जाणता.

आता उरली दुसरी परीक्षा: आठवड्याने त्याच मुली, तेच बॉल, तेच ऊन. एक नोव्हेंबर, शनिवार. इथे चारुलतेचा प्रवेश होतो.

चारुलतेला मी पुठ्ठ्याच्या विजयाची कथा सांगितली होती. तिने त्यातलं एवढंच उचललं, की बारा पोरी दोन शनिवार आपल्या कामासाठी उन्हात राबल्या आणि आपल्या घरातून कोणी त्यांच्या हातावर काही ठेवलं नाही. ‘काय म्हणतील त्या? मराठी माणसं पाणीसुद्धा विचारत नाहीत?’ हा प्रश्न हैदराबादेत पन्नास वर्षं काढलेल्या घराला फार लागतो, दाजी. इथे परक्याच्या दारात उभं राहिलं तरी चहा येतो. तेव्हा शनिवारी सकाळी केतकी मॅडमकडे काही कागद द्यायला गेलेली असताना, चारुलता दोन डबे, एक पातेलं आणि तुपाची बरणी घेऊन रिक्षातून मैदानावर उतरली. पुरणपोळ्या आणि कटाची आमटी.

मला हे थांबवता आलं असतं का? तत्त्वतः हो. मी पुठ्ठ्यामागे बसून चिरेची दिशा नीट करत होतो. आधी वास आला आणि मग बाहेर बघायचं भान आलं, तोवर राणीची दुसरी पोळी संपली होती. सौरभ म्हणाले, ‘काकी, टेस्ट आहे ना आज...’ चारुलता म्हणाली, ‘एकेक तर खा.’ सौरभ म्हणाले, ‘हौ, मग नक्को कशाला म्हणू?’ आणि त्यांनी ताट धरलं. पोळी वाढताना आमच्या घरात ‘पुरे’ हा शब्द ऐकू येत नाही, हे तुम्ही स्वतः अनुभवलेलं आहे. आणि त्या मुलींना तर तो शब्द मराठीत येतही नव्हता. चोपन्न पोळ्या गेल्या. वर तूप.

साडेअकराला केतकी आली. तिने बारा मुली कडुलिंबाच्या सावलीत बसलेल्या पाहिल्या. एक आडवी होती. तिला वाटलं ऊन लागलं. मग तिने पातेलं पाहिलं.

तरी टेस्ट झाली, कारण त्या मुली पुढच्या आठवड्यात मिळणार नव्हत्या. राणीने बॉल घेतला, गुडघे वाकवले, वर बघितलं आणि उडी मारायचा विचार रद्द केला. बॉल रिंगच्या खालून, तिला कसलाही त्रास न देता, पलीकडे गेला. मग दुसरी, मग तिसरी. चिरेतून मला बराच वेळ नुसतं आकाश दिसत होतं. एक घार दिसली. आता यातली गंमत ऐका. त्या दिवशी माझं आणि सौरभचं एकमत ०.९६! इतकं एकमत जगात कुठल्याच दोन माणसांचं नसेल, कारण शून्याबद्दल भांडायला जागा नसते. पण गेल्या आठवड्यातली राणी आणि या आठवड्यातली राणी यांच्यात जो काही संबंध निघाला, तो पाहून मॅडमनी केतकीला विचारलं म्हणे, ‘या त्याच मुली आहेत ना?’

दोन दिवस आमच्या घरात कोणी पुरणाचं नाव काढलं नाही. केतकीने कपाट उघडलं, करार वाचला, कपाट लावलं. मी पाहिलं. तिला वाटलं मी पाहिलं नाही.

आणि मग सोमवारी शोभाताईचा फोन आला. चारुलतेने तिला सगळं सांगितलं, पोळ्यांसकट. इकडे फोन स्पीकरवर होता. मध्येच तिकडून तुमचा आवाज आला. तुम्ही फोन घेतलात, म्हणालात, ‘रिंग किती उंचावर आहे? मोजली कोणी?’ आणि फोन परत दिलात. एकूण अर्धं मिनिट. तिकडे पुढे काय झालं मला माहीत नाही. इकडे काय झालं ते सांगतो. कोणी मोजलीच नव्हती, दाजी! तीन शनिवार आम्ही तिच्यात जाणारे बॉल मोजत होतो. नेम मोजण्याच्या एकशे चाळीस पानांत ‘रिंग दहा फुटांवर होती’ असं वाक्य आहे, आणि ते केवळ शब्दप्रमाण. पुस्तकात दहा आहे म्हणून दहा. केतकीने वहीत लिहिलं, ‘बाबा: रिंगची उंची’, आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग चपला घातल्या.

आम्ही चौघं मैदानावर गेलो. (सौरभ वाटेत मिळाले.) टेप चारुलतेच्या शिवणाच्या मशीनचा, म्हणजे साठ इंची, म्हणजे पाच फुटांवर संपणारा. तो जळमटं काढायच्या बांबूला बांधला, पाच फुटांवर सेफ्टी पिन लावली आणि पुढचे पाच फूट पुन्हा तिथून मोजले. सौरभना उंची आली नऊ फूट नऊ इंच. मला आली नऊ फूट साडेअकरा. चारुलतेला आली दहा फूट एक इंच. तिने टेप सैल धरला होता असं मी म्हणालो, आणि त्यावर आमचं जे झालं ते पत्रात घालण्यासारखं नाही. मग वॉचमनकडून कळलं की मधल्या आठवड्यात कॉलेजच्या कार्यक्रमासाठी त्या रिंगला लाउडस्पीकर टांगला होता. तेव्हापासून ती थोडी हलते. चारुलतेचा चेहरा उजळला. तेव्हापासून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. चारुलतेचा पक्ष म्हणतो, मुली ठणठणीत होत्या, रिंग वाकडी होती. माझा पक्ष म्हणतो, चोपन्न पोळ्यांपुढे रिंगचा काय पाड! सौरभ दोन्हीकडे ‘हौ’ म्हणतात. निकाल लागत नाही, कारण रिंग खरी किती उंच, हेच आमच्यात कोणाला छातीठोक सांगता येत नाही.

मॅडमनी एक शेवटची संधी दिली आहे. मुलींनीही हो म्हटलं आहे. राणीने तर चारुलतेला निरोप पाठवला, ‘आंटी, या वेळी टेस्टच्या नंतर.’ पंधरा आणि बावीस नोव्हेंबर, हे दोन शनिवार. पुन्हा चुकलं तर करार कपाटातून बाहेर येईल.

असो. हे सगळं केवळ तुमची करमणूक व्हावी म्हणून कळवलं. पत्राला दुसरं काही कारण नाही, तुमच्याकडून कसलीही अपेक्षा नाही, आणि पत्राचं उत्तर दिलंच पाहिजे असंही नाही. शोभाताईला नमस्कार, लिंबाला पाणी. गुडघा बरा झाला की राहिलेला नमस्कार पुरा करीन.

तुमचा,
मुकुंद

ता. क. शुक्रवारी, चौदा तारखेला, नांदेडहून सकाळी निघालात तर दुपारी काचीगुड्याला उतराल. मी स्टेशनावर असेन. तुमचा तो लोखंडी टेप, ओळंबा आणि पाणसळ आणावी. स्टूल आम्ही देऊ.

ता. क. दुसरा. दुसरा मोजणारा म्हणून मी राजीनामा दिला आहे. कारण वर सांगितलेलं नाही ते इथे सांगतो. टेस्ट संपून मुली गेल्या की केतकी मैदानावर एकटीच थांबते आणि दहा बॉल टाकते. तिला वाटतं आम्ही सामान आवरतोय. मी चिरेतून बघतो. आणि पुठ्ठा असूनही, दाजी, मला माहीत असतं बॉल कोणाचा आहे ते. मी तिला दर वेळी साडेचार देतो. तिचा खरा आकडा किती, ते मला सांगता येत नाही. आपल्या लेकीच्या बॉललासुद्धा शून्य देऊ शकेल, आणि म्हणूनच ज्याच्या पाचावर ती विश्वास ठेवील, असा माणूस मला एकच माहीत आहे. आणि त्याला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, ही मॅडमची अटही पुरी होते.

ता. क. तिसरा. मी हे पत्र लिहिल्याचं केतकीला ठाऊक नाही. तिला ‘बाबांना बोलाव’ म्हटलं तर म्हणते, ‘बाबा येणार नाहीत. अर्जाशिवाय ते कुठे जातात?’

(याच्या खाली, निळ्या शाईत, निराळ्या अक्षरात:)

बाबा, मामा पाकीट उघडं ठेवून डिंक शोधायला गेले म्हणून वाचलं. पत्रातल्या आकड्यांत चुका आहेत. पहिल्या दिवशी एकमत ९४ बॉलांवर झालं, ‘शंभराच्या आसपास’ नाही. पोळ्या ६१. अनारसे ३९ निघाले होते, मी मोजले होते. बाकी मजकूर बरोबर आहे. दहा बॉलांचासुद्धा.

खालचा नमुना तुम्ही आजोबांना दिला होतात तोच आहे. आईने फोनवर सांगितला.

प्रति, श्री. केशवराव, निवृत्त निमतानदार, यांस.
अर्जदार: केतकी.
विषय: निमताना मोजणी होण्याबाबत.

महोदय, मौजे हैदराबाद येथील बास्केटबॉल मैदानावरील पूर्वेकडील रिंगची उंची दि. ३ नोव्हेंबर रोजी मी स्वतः चौथ्यांदा मोजली असता ती नऊ फूट अकरा इंच भरली. सदर मोजणीस माझी स्वतःचीच हरकत आहे. तरी आपण समक्ष येऊन फेरमोजणी करावी, ही विनंती.

मोजणीच्या वेळी अर्जदार हजर राहील.